बेसमेंटमधल्या शेतीवर साठ घरं जगतील का? माझा हिशेब सांगते

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमच्या मल्टीत, म्हणजे बहुमजली इमारतीत, साठ फ्लॅट आहेत, खाली तीन हजार स्क्वेअर फुटाचं बेसमेंट रिकामं पडलंय, सगळ्यांनी मिळून पंचवीस लाख जमवायची तयारी आहे, आणि उद्या युद्धामुळे म्हणा किंवा दोन पावसाळे लागोपाठ कोरडे गेल्यामुळे म्हणा, इंदूरच्या बाजारात धान्यच मिळेनासं झालं तर त्या बेसमेंटमध्ये रॅक आणि एलईडी लावून वर्टिकल फार्मवर सगळ्या घरांचं पोट भरता येईल का, असं विचारलंत. मी सांवेर रोडवरच्या एका गोडाऊनमध्ये बारा वर्षं हेच काम करतेय, लेट्युस, बेसिल, मायक्रोग्रीन पिकवून हॉटेलांना देते, त्यावर माझं घर चालतं, म्हणजे या धंद्याशी माझं काही वैर नाही. तरी सरळ सांगते, पोट भरणार नाही. बेसमेंट कामाचं आहे, पैसेही कामाचे आहेत, पण तुम्ही ज्यासाठी लावायला निघालात त्यासाठी नाही.

आधी हिशेब करू. तुमची साठ घरं, घरटी चार माणसं धरली तर २४० जण. एका माणसाला दिवसाला साधारण २,१०० किलोकॅलरी लागतात, म्हणजे सगळ्यांना मिळून रोज पाच लाखांच्या वर. आता माझं लेट्युस बघा, त्यात पंच्याण्णव टक्के पाणी, एका किलोत जेमतेम १५० किलोकॅलरी. माझ्या खोलीत एक किलो लेट्युसला लाइट, एसी, पंप सगळं धरून दहा-अकरा युनिट जातात, आणि हे मी बरीच वर्षं मीटर बघून बघून खाली आणलंय, सुरुवातीला सतरा-अठरा जायचे. पाच लाख किलोकॅलरी लेट्युसमधून काढायच्या तर रोज ३,३०० किलोच्या वर पाला लागेल आणि त्याला रोज ३७,००० युनिट. तुमच्या पूर्ण मल्टीचा घरगुती वापर दिवसाला पाचशे युनिटच्या आसपास असेल, म्हणजे त्याच्या सत्तर-पंच्याहत्तर पट. आणि एवढा पाला कुणाच्या पोटात मावणारही नाही.

तुम्ही म्हणाल लेट्युस कशाला, गहू लावू. चला, गहू लावू. झाडाला जेवढा प्रकाश मिळतो त्याच्या प्रमाणातच ते वाढतं, यात कुठली कंपनी काही जादू करू शकत नाही. चांगल्यातल्या चांगल्या एलईडीखाली एक किलो दाणा तयार व्हायला नुसत्या प्रकाशाचे दोनशे ते तीनशे युनिट जातात, कारण झाडाने जे काही बनवलं त्यातला निम्म्याहून जास्त तर काडी, मूळ आणि भुसा असतो. अडीचशे धरा. २४० माणसांना रोज १४८ किलो गहू, गुणिले अडीचशे, परत तेच ३७,००० युनिट. मी हा हिशेब पहिल्यांदा वहीत केला तेव्हा दोन्ही आकडे सारखे आलेले बघून मला वाटलं कुठेतरी चुकलं, म्हणून परत केला. चूक नव्हती. एका युनिटात ८६० किलोकॅलरी ऊर्जा असते आणि पीक कुठलंही लावा, त्यातली दीड-दोन टक्केच ताटात येते, बाकीची उष्णता होऊन खोलीत फिरते आणि ती बाहेर काढायला परत एसी. आपल्याकडे फिक्स चार्ज वगैरे मिळून युनिटला सात-आठ रुपये पडतात असं धरलं तर तो गहू किलोला दीड ते अडीच हजार रुपयांना पडला. २०२५-२६ च्या खरेदी हंगामात सरकारचा गव्हाचा हमीभाव होता क्विंटलला २,४२५, म्हणजे किलोला सव्वाचोवीस रुपये.

इथे काही जण २०२० सालचा तो अमेरिकेतल्या पीएनएएस या विज्ञानाच्या नियतकालिकातला पेपर पुढे करतात, की दहा मजली बंद शेतात एका हेक्टरवर वर्षाला ७०० टन, आणि अगदी सगळं जुळून आलं तर १,९०० टनांच्याही वर गहू निघू शकतो. तो पेपर खरा आहे, चांगला आहे, जगाची सरासरी हेक्टरी सव्वातीन टनांच्या आसपास असताना हा आकडा डोळे दिपवणाराच आहे. पण त्याच लोकांनी त्याच पेपरात लिहिलंय की वीज आणि सामानाचा खर्च बघता हे बाजारात परवडणारं नाही. जागा वाचते हे शंभर टक्के खरं, पण दुष्काळात जागेची टंचाई नसते हो, आपल्या देपालपूर-सांवेरकडे जमीन भरपूर पडलीय.

सोलर लावू हा पुढचा प्रश्न मला दर वेळी येतो, म्हणून तोही सोडवून टाकते. इंदूरच्या उन्हात एक किलोवॅटचं पॅनल वर्षाला चौदाशे-साडेचौदाशे युनिट देतं आणि त्याला दहा चौरस मीटर जागा लागते. एसी धरून किलोला साडेतीनशे-चारशे युनिट गेले तर त्या पॅनलच्या पूर्ण वर्षाच्या विजेत साडेतीन-चार किलो गहू. आता तेवढ्याच दहा चौरस मीटर काळ्या मातीत रब्बीला साधा गहू पेरला तरी साडेतीन किलोच्या आसपास निघतो, आणि पावसाळ्यात त्याच जागेत सोयाबीन होतं ते वेगळंच. उन्हाची आधी वीज करायची आणि विजेचं परत ऊन करायचं, या फेऱ्यात सगळं जातं.

बरं, हे झालं शांततेच्या काळातलं. तुम्ही टंचाईचं विचारलंय, आणि माझी खरी काळजी तिथेच आहे. टंचाई काही एकटी येत नाही. डिझेल, वीज, खत, आयात हे सगळं एकत्र अडखळतं. माझ्या गोडाऊनमध्ये एक दिवस काय काय लागतं ते बघा: लेट्युसचं बी हॉलंडहून, एलईडीचे ड्रायव्हर चीनहून, दोन वेगळ्या टाक्यांत पाण्यात विरघळवायची खतं, त्यातलं लोहाचं चिलेट, म्हणजे झाडाला घेता येईल असं लोह, तर फक्त ठरावीक लोकांकडेच मिळतं, पीएच आणि ईसी, म्हणजे पाण्याचा आंबटपणा आणि त्यात विरघळलेलं खत, मोजायचे मीटर, त्यांची कॅलिब्रेशनची पाकिटं, पंपाचे सुटे भाग, नेटपॉट, कोकोपीट. आणि पाणी. इंदूरला पाणी म्हणजे नर्मदा, ती जलूदहून सत्तर किलोमीटर वर चढवून आणतात तीही विजेवर, महापालिकेला त्या पंपिंगचं बिल एवढं जड जातं की २०२३ मध्ये ग्रीन बॉन्ड काढून २४४ कोटी उभे केले आणि जलूदलाच सोलर प्लांट लावायला घेतला. म्हणजे लाइट गेली की तुमची शेतीही थांबली आणि नळही.

लाइट जाण्याचं एकदाच सांगते, कारण ते मी विसरू शकत नाही. सहा-सात वर्षांपूर्वीचा मे महिना, दुपारी पावणेदोन वाजता लाइट गेली, जनरेटर चालू झाला आणि वीस मिनिटांत बंद पडला, मिस्त्री पोलोग्राउंडहून निघाला तो वाटेतल्या गर्दीत अडकला. माझ्याकडे तेव्हा सगळे एनएफटी चॅनल होते, त्यात पाण्याचा पातळसा थर वाहत असतो आणि मुळं नुसती हवेत असतात, तीच त्याची खुबी. पंप थांबला की तो थर दहा मिनिटांत निथळून जातो. मी आणि कामाला असणाऱ्या दोन बायका मग्गे घेऊन प्रत्येक चॅनलच्या तोंडात पाणी ओतत होतो, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक परत कोरडं. आधी पानांच्या कडा मऊ पडल्या, मग मेथीची जुडी उन्हात राहिली की बसते तसे गड्डेच्या गड्डे बसले. अडीच तासांत २,८०० झाडं गेली. जी वाचली असं वाटलं त्यांची मुळं पुढच्या आठवड्यात तपकिरी झाली, हाताने ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून यायची आणि आत नुसता दोरा, कुजका वास. शेतातला गहू एक पाणी चुकलं तर कमी पिकतो, पण अडीच तासांत मरत नाही. त्यानंतर मी अर्धा माल तरंगत्या पद्धतीवर नेला, मुळं टाकीतल्या पाण्यात बुडलेली, त्याला हवेचा पंप लागतो पण दिवसभर तरी धीर धरतं.

आणि टंचाईची लहानशी चव आपण सगळ्यांनी घेतलीच आहे की. २०२० चा मार्च-एप्रिल आठवा, इंदूरला केवढा कडक कर्फ्यू होता, मंडी बंद, भाजीचा ठेला येत नव्हता. माझी हॉटेलं एका रात्रीत बंद झाली आणि खोलीत चारशे किलो लेट्युस तयार उभं. पास मिळवून मी ते आमच्या लोकमान्य नगरकडच्या ओळखीच्या घरांत फुकट वाटलं. लोकांनी प्रेमाने घेतलं. पण एका आजींनी पिशवीत हात घालून पानं चाचपली आणि मला विचारलं, बाळा, हे छान आहे गं, पण कणीक कुठे मिळेल का? मी घरी येऊन त्यांना आमच्या डब्यातलं पाच किलो पीठ पोचवलं. त्या दिवसापासून मी माझ्या कामाकडे वेगळ्या नजरेने बघते. ज्या घरात कणीक, डाळ, तेल, बटाटे होते तिथे हिरवा पाला आला की त्यांना आनंद झाला, आणि जिथे ते नव्हतं तिथे माझ्या पाल्याने काही झालं नाही.

म्हणून पोट कशाने भरायचं ते आधी ठरवा, मग बेसमेंट. माणशी रोज चारशे ग्रॅम धान्य धरलं तर तीन महिन्यांना तुमच्या मल्टीला ८६ क्विंटल लागतं, म्हणजे पन्नास किलोचे एकशे बहात्तर-त्र्याहत्तर कट्टे. क्विंटलला २,८०० धरले तरी अडीच लाखांच्या आत. पंचवीस लाखांच्या फार्ममध्ये जेवढ्या कॅलरी वर्षभरात होणार नाहीत त्याच्या कितीतरी पट अडीच लाखांत, आजच, भरून ठेवता येतात. आठ-आठ कट्ट्यांची थप्पी केली तर अडीचशे स्क्वेअर फुटाची खोली पुरते. तूर, मूग, हरभरा डाळ त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढी घ्या, तेल घ्या, मीठ-गूळ घ्या. दर महिन्याला घरांनी त्यातलंच जुनं आधी उचलायचं आणि तेवढंच नवं भरायचं, म्हणजे काही सडत नाही आणि पैसेही अडकून पडत नाहीत.

पण ही थप्पी बेसमेंटमध्ये अजिबात लावू नका. माळव्याची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते, बेसमेंटच्या भिंतींना ओल येतेच, आणि गव्हात ओल बारा टक्क्यांच्या वर गेली की पोरकिडे आणि बुरशी आलीच. वरच्या मजल्यावरची कोरडी खोली घ्या, खाली लाकडी फळ्या टाका, भिंतीपासून हातभर लांब. गहू एप्रिल-मेच्या उन्हात कडकडीत वाळवून, एरंडेलाचा हात लावून, नाहीतर हवाबंद पिशवीत भरून ठेवा. आपल्या आया-आज्या करायच्याच की. एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते, धान्यातली कीड मारायच्या सल्फासच्या गोळ्या ठेवू नका, कोणी कितीही म्हणो. त्यातून निघणारा गॅस बंद खोलीतून शेजारच्या फ्लॅटमध्ये जातो आणि झोपलेली माणसं उठत नाहीत.

जुन्या दुष्काळांचंही थोडं बोलते, कारण तुमचा प्रश्न त्यावरच उभा आहे. माळव्याला लोक पग पग रोटी, डग डग नीर म्हणतात, तरी छप्पन्नचा म्हणजे संवत १९५६ चा, इसवी १८९९-१९०० चा दुष्काळ इथेही पोचला होता. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिलं की धान्य एकाएकी संपलं म्हणून एवढी माणसं गेली असं नाही, १९४१ मध्ये तर उपलब्ध धान्य त्याहून कमी होतं, भाव चढले आणि मजुरी चढली नाही म्हणून गेली. आणि महाराष्ट्रात ७२ च्या दुष्काळात माणसं जगली ती कामं काढून हातात मजुरी दिली म्हणून, बाहेरून आलेल्या लाल मिलोवर, म्हणजे लाल ज्वारीवर, आणि वाटलेल्या सुकडी या पौष्टिक पिठावर. आमच्या माहेरी अजून त्या सुकडीची आठवण काढतात. भुकेच्या वेळी स्वस्त, टिकणारं आणि वाटता येणारं अन्न लागतं. किलोला दोन हजारांचा गहू त्या वेळी कुणाला वाचवणार?

परदेशातही फार वेगळं झालं नाही. अमेरिकेतल्या मोठ्या वर्टिकल फार्म कंपन्या बघा, न्यू जर्सीच्या एरोफार्म्सने २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, बोवरी २०२४ मध्ये बंद झाली, प्लेंटीने २०२५ मध्ये अर्ज केला. त्यातल्या काहींनी नंतर थोडं सावरलंही, पण हे सगळे पाला विकत होते, तोही श्रीमंत बाजारात.

मग ही विद्या टंचाईत बिनकामाची का? नाही, आणि इथे माझं मन लागतं. बंद खोलीत प्रकाश देऊन जे खरंच भारी पडतं ते म्हणजे बी. शिमल्याच्या केंद्रीय आलू अनुसंधान संस्थेची एरोपोनिक पद्धत बघा, बटाट्याची मुळं हवेत लटकवून त्यावर फवारा, आणि एका झाडाला मातीपेक्षा अनेकपट छोटे निरोगी बियाण्याचे बटाटे लागतात. २०२२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने त्यांच्याशी करार केला, ग्वाल्हेरला अशी लॅब उभी करायची म्हणून. ते छोटे बटाटे कोणी भाजी करून खाणार नाही, ते शेतात जाणार आणि तिथे पोती भरणार. तसंच गव्हाचं स्पीड ब्रीडिंग, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या लोकांनी २०१८ मध्ये छापलं, बावीस तास प्रकाश देऊन वर्षात सहा पिढ्या घ्यायच्या, म्हणजे नवं वाण तयार व्हायची वर्षं वाचतात. युनिट जळतात ते मूठभर बियाण्यावर, आणि त्या मुठीतून नंतर शेतं पेरली जातात. खोलीचा धर्म मला तरी हा वाटतो.

तुमच्या मल्टीच्या मापात आणायचं तर बेसमेंटमध्ये तीन गोष्टी करा, त्यातल्या दोनांना एलईडीची रॅक लागत नाही. पहिलं, मोड. मूग, मटकी, हरभरा. मोड आणून कॅलरी वाढत नाहीत हे लक्षात ठेवा, पण सुक्या कडधान्यात जे सी व्हिटॅमिन जवळपास नसतं ते दोन-तीन दिवसांत येतं, आणि नुसत्या रेशनच्या गव्हावर महिनाभर काढणाऱ्या घराला तेच हवं असतं. पाणी स्वच्छ, फडकी रोज उकळलेली, टंचाईत तर शिजवूनच खा, उसळ करा. मोडांच्या उबेत जंतूही तेवढ्याच जोराने वाढतात.

दुसरं, आळिंबी, म्हणजे मशरूम. ढिंगरी आळिंबी गव्हाच्या भुश्यावर येते, भुसा माळव्यात कमी नाही. भुसा रात्रभर भिजवायचा, सत्तर-ऐंशी डिग्रीच्या पाण्यात तासभर ठेवायचा, निथळून, मुठीत दाबला की थेंब पडणार नाही पण तळवा ओला होईल इतपत, मग थर लावून स्पॉन, म्हणजे आळिंबीचं बी, घालायचं आणि पिशव्या टांगायच्या. पंधरा-वीस दिवसांत पिशवी पांढरीफेक होते, मग छिद्रं पाडून ओलावा ठेवायचा. नीट जमलं तर एक किलो सुक्या भुश्यावर पाऊण किलोपर्यंत ताजी आळिंबी. इंदूरला ऑक्टोबर ते फेब्रुवारी सोपं जातं, एप्रिलनंतर हट्ट करू नका. एक्झॉस्ट पंखा मात्र हवाच, छत्र्या उलट्या वळायच्या आत काढायच्या, नाहीतर त्यांची पांढरी धूळ हवेत भरते आणि कामाला उतरणाऱ्यांना खोकला धरतो, दम्याच्या माणसाला तर खाली जाऊच देऊ नका.

पालेभाजी गच्चीवर घ्या, तिथे ऊन फुकट आहे. पालक, राजगिरा, अळू, कुंड्यांमध्ये रताळी, कंपाउंडला दोन शेवगे. खतासाठी साठ घरांचा ओला कचरा आहेच, आणि कंपोस्टची ती पद्धत जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते, अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ पासून इथेच, आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागेवर बसवली. काडीकचरा, शेण, माती, राख यांचे थर, मधे मधे उलटवायचे, तीन महिन्यांत खत. आयात खताची वाट बघायची गरज नाही.

तिसरं, लाइटची एकच रॅक, रोपांसाठी. पाच फूट लांब, चार खण, प्रत्येक खणात चाळीस वॉटच्या दोन पांढऱ्या एलईडी ट्यूब, रोपांपासून वीतभर उंच. गुलाबी लाइट घेऊ नका, त्यात रोपाचा रोग दिसत नाही. रोज चौदा तास चालवली तर साडेचार युनिट, दिवसाला पस्तीस रुपये, आणि लाइट गेली तरी ट्रेमधलं कोकोपीट दोन दिवस ओलं राहतं, काही मरत नाही. मेच्या शेवटी गच्चीवर बी भाजून निघतं तेव्हा खाली टोमॅटो, वांगी, मिरचीची हजार-बाराशे रोपं तयार होतात आणि जूनचा पहिला पाऊस पडला की घरटी पंधरा-वीस वाटता येतात. संकरित बी नको, सरळ वाणाचं घ्या, म्हणजे पुढच्या वर्षीचं बी तुमच्याच गच्चीवर धरता येईल. माझ्याकडे देशी वांग्याचं आणि पालकाचं आहे, पावशेराच्या बरणीत भरून ठेवते, येऊन घेऊन जा. फक्त बुधवारी नको, त्या दिवशी टाक्या धुते.